वाचनालयाचा सर्व्हर, एफ-वन आणि मेन स्विच: बडोद्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातलं एक जुनं मराठी वाचनालय. सभासद तीनशेच्या आतबाहेर, पुस्तकं साधारण अकरा हजार, पगारी ग्रंथपाल एक, शिपाईकाका एक, बाकी कारभार हौशी कार्यकारिणीचा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसे घडले तसे ठेवले आहेत.

१९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची घडी बसवली. त्या शहरातले वाचक यादीच्या बाबतीत जरा हट्टीच असतात. सभासदांची तक्रार एकच होती: मांजलपुराहून नाहीतर अलकापुरीहून स्कूटर काढून यायचं आणि हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असायचं. यादी होती, पण ती काउंटरवरच्या एक्सेल फाइलमध्ये. ती फोनवर दिसावी एवढीच मागणी होती.

एका सभासदाचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने जानेवारी २०२५ मध्ये, उत्तरायण झाल्याझाल्या, काम अंगावर घेतलं. कार्यकारिणीने दहा हजार रुपये मंजूर केले आणि कोपऱ्यात पडलेला २०१३ चा डेस्कटॉप दिला: चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. ‘हाच आपला सर्व्हर’ असं ठरलं. हा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघाल्या. संगणक जुना होता हे त्याचं कारण नव्हतं. या सर्व्हरवर नेमकं कोण, कुठून आणि कधी येणार, हे कुणी विचारलंच नाही.

उभारणी

हार्डवेअरचा भाग सरळ होता. २५० जीबीची एसएसडी, जुन्या बाजारातून आणखी ४ जीबी रॅम, पंखा उघडून धूळ साफ, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट काढून नवी. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, खोलीत एसी नाही, तेव्हा ही पेस्ट चैन नव्हे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरल्यापासून वाचनालयात जमिनीवर काही ठेवायचं नाही असा अलिखित नियम आहे, म्हणून संगणक पोटमाळ्यावरच्या मांडणीत गेला.

त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), वेबसाइटची पानं पुरवणारं एनजिनएक्स, पानं घडवणारी पीएचपी आणि डेटाबेस म्हणून एकाच फाइलमध्ये मावणारं एसक्यूलाइट. अकरा हजार नोंदींना एवढं पुष्कळ होतं. पहिल्या आठवड्यात तीन चुका झाल्या, तिन्ही नेहमीच्या:

डेबियन बसवताना सवयीने नोम डेस्कटॉपही (खिडक्या-आयकॉनांचा पडदा) घेतला गेला. डेबियन १२ मध्ये कुणी लॉगिन नसताना नोम काही मिनिटांनी मशीन झोपवतं, वीज जोडलेली असली तरी. साइट पंधरा-वीस मिनिटं चालायची आणि गायब व्हायची. सिस्टमडी या लिनक्सच्या कारभाऱ्यातलं ‘स्लीप’ आणि ‘सस्पेंड’ कायमचं बंद (‘मास्क’) केलं आणि प्रश्न सुटला. नोम घेतलाच नसता तर हा प्रश्न आलाच नसता.

साइटच्या फाइली स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्या. डेबियन १२ मध्ये नव्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरला ०७०० परवानगी (फक्त मालकाला प्रवेश) असते, म्हणजे एनजिनएक्सच्या प्रक्रियेला दारातूनच आत जाता येत नाही. ब्राउझरमध्ये ४०३ (‘प्रवेश नाही’), एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’. इथे कित्येक जण सरळ सगळ्याला ७७७ (कुणालाही काहीही करायची परवानगी) देऊन मोकळे होतात. मुलाने फाइली ‘व्हार’खालच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरमध्ये हलवल्या, तेच बरोबर.

राउटरने दोन दिवसांनी मशीनला वेगळा पत्ता दिला आणि काउंटरवरून साइट उघडेना. राउटरमध्ये मशीनच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) १९२.१६८.१.१० हा पत्ता राखून ठेवला.

यादीचा त्रास वेगळ्या जातीचा होता. सुमारे ३,४०० जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्या रूपांतरकातून काढल्या, तरी जोडाक्षरं बिघडलेल्या हजारभर उरल्याच. शिवाय ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतला ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवला जातो: कधी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, कधी ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना सारखं, शोधयंत्राला वेगळं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यावं लागतं. आणि एसक्यूलाइटच्या एफटीएस-५ या शब्दशोधाच्या सोयीत आणखी एक खड्डा आहे. त्याच्या ‘युनिकोड६१’ या तोडणीत अक्षरं आणि अंक तेवढे शब्दाचा भाग, काना-मात्रा म्हणजे विभाजक. त्यामुळे ‘वाचनालय’चे तुकडे पडतात ‘व’, ‘चन’ आणि ‘लय’. तोडणीच्या वर्गांमध्ये एमएन आणि एमसी हे दोन वर्ग (युनिकोडमध्ये काना-मात्रा-हलन्त यांतच मोडतात) जोडले की मराठी शोध ताळ्यावर येतो.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाचनालयाच्या आत सगळं नीट चालत होतं. ग्रंथपालताई काउंटरवरून पुस्तकं देत-घेत होत्या. इथे थांबून एक महिना वापरायला हवं होतं.

अडचण: दार आहे, पण रस्ता नाही

साइट बाहेरून दिसावी म्हणून डोमेन घेतलं आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या पानावर दिसला तो पत्ता डोमेनच्या ए रेकॉर्डमध्ये (नावापुढे पत्ता लिहायची नोंद) भरला. राउटरमध्ये ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे पोर्ट (दारांचे क्रमांक) १९२.१६८.१.१० कडे वळवले. बाहेरून काहीच उघडेना. मग चार संध्याकाळी गेल्या: फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर परत परत चालू केला, शेवटी डीएमझी (बाहेरून येणारं सगळं एकाच संगणकाकडे सोडणारी राउटरची सोय) चालू केलं आणि ते तसंच राहिलं.

मध्येच लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेकडून साइटला ‘एचटीटीपीएस’चं कुलूप लावणारं प्रमाणपत्र घ्यायचा प्रयत्न झाला. त्यांचा सर्व्हर पोर्ट ८० वर येऊन एक फाइल वाचतो, ती वाचता आली तरच प्रमाणपत्र देतो. इथे तो पोचणारच नव्हता. एका नावासाठी तासात पाच वेळा पडताळणी फसली की ते थांबवतात. त्यामुळे सहाव्या वेळी चूक बदलली, ‘खूप प्रयत्न फसले’ असं दिसू लागलं, आणि मुलगा त्या नव्या चुकीच्या मागे लागला. लेट्स एन्क्रिप्टचं सरावासाठीचं वेगळं, ‘स्टेजिंग’ वातावरण आहे, तिथे चाचणी केली असती तर एवढा गोंधळ झाला नसता.

खरं कारण राउटरच्या स्टेटस पानावर लिहिलेलं होतं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, १०० ने सुरू होत होता, दुसरा आकडा ७२. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा इंटरनेट पुरवठादारांनी अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी राखीव आहे. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून येणारी विनंती पुरवठादाराच्या यंत्रापाशीच संपते, तुमच्या राउटरपर्यंत येत नाही, मग तुम्ही कितीही पोर्ट वळवा. तपासायला दोन मिनिटं लागतात: राउटरवरचा वॅन पत्ता आणि बाहेरच्या पानावर दिसणारा पत्ता शेजारी ठेवून पाहायचे. वेगळे असले तर पोर्ट फॉरवर्डिंगचं पान बंद करावं आणि चहा घ्यावा.

पर्याय

मार्चच्या पहिल्या बैठकीत पाच पर्याय मांडले गेले.

पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक आयपी. त्यासाठी व्यावसायिक योजना घ्यावी लागणार होती, भाडं जवळपास दुप्पट. आणि डीएमझी चालू राहिलेलं कुणाच्या लक्षातच नव्हतं. पत्ता मिळाला असता तर सगळा संगणक उघड्यावर पडला असता.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, ज्यात सीजीनॅट लागत नाही. कनेक्शनवर ते होतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट करून दिल्यावर मोबाइल डेटावरून साइट उघडलीसुद्धा. पण चिटणीसांच्या घरच्या जुन्या ब्रॉडबँडवरून उघडेना. ‘अर्ध्यांना दिसते, अर्ध्यांना नाही, असली साइट सभासदांना कशी सांगायची?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

तयार बोगदा, म्हणजे आतून बाहेर जोडलेली कायमची वाट, देणारी फुकट सेवा. डोमेनचा कारभार त्या कंपनीच्या हाती द्यावा लागतो, आणि खातं उघडलं जाणार होतं मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर.

स्वतःचा बोगदा. महिना ४५० रुपयांचा छोटा भाड्याचा सर्व्हर बाहेर घ्यायचा, त्याच्यापासून वाचनालयापर्यंत वायरगार्ड या फुकट प्रणालीचा बोगदा टाकायचा.

सगळंच बाहेर नेणं. इंटरनेट बंद पडलं की काउंटरही बंद, म्हणून हा नाकारला गेला. हे कारण पोकळ नव्हतं. उत्तरायणात गच्चीवरून गेलेली फायबरची तार मांज्याच्या ओढाताणीत तुटली होती, ओएनटीवर (फायबरच्या टोकाचं यंत्र) सिग्नल तुटल्याचा, ‘लॉस’चा लाल दिवा चार दिवस लुकलुकत होता.

निवड झाली वायरगार्डची. बैठकीत एक प्रश्न विचारला गेला असता तर बरं झालं असतं: बाहेर भाड्याचा सर्व्हर घ्यायचाच असेल, तर यादीची एक प्रत तिथेच का ठेवू नये? काउंटर आत आणि वाचक बाहेर, या दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. पण ‘आपला सर्व्हर’ हा शब्द एव्हाना सगळ्यांना आवडू लागला होता.

काय केलं आणि काय बिघडलं

बोगदा एका संध्याकाळीत उभा राहिला. बाहेरचं टोक १०.८.०.१, वाचनालयाचं १०.८.०.२, यूडीपी पोर्ट ५१८२०. वाचनालयाच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवणं आवश्यक होतं, कारण काही काळ शांतता राहिली की पुरवठादाराचं सीजीनॅटचं यंत्र ती जोडणी विसरतं आणि बाहेरून आत जायची वाट बुजते. प्रमाणपत्र आता बाहेरच्या टोकावर पहिल्याच फटक्यात मिळालं.

बाहेरचा सर्व्हर सुरू होऊन काही तास होत नाहीत तोच लॉगमध्ये रूट, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, नावाने पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न दिसू लागले. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, घाबरायचं कारण नाही. मुलाने पासवर्डने लॉगिन बंद केलं, पण ते बंद झालंच नाही. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) मुख्य फाइलच्या डोक्यावरच दुसऱ्या फाइली ओढून घेणारी ‘इन्क्लूड’ची ओळ असते, भाड्याच्या सर्व्हरवर क्लाउड-इनिट या सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने तिथल्या वेगळ्या फाइलमध्ये ‘हो’ लिहून ठेवलेलं होतं, आणि एसएसएच जे आधी वाचतं तेच धरतं. फाइल बदलून समाधान मानू नये. एसएसएचडीला (एसएसएचचा सर्व्हर-भाग) मोठ्या लिपीतल्या इंग्रजी ‘टी’च्या पर्यायाने विचारावं, तो प्रत्यक्षात लागू असलेली मांडणी छापून देतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी सगळ्यांसाठीच साइट दहा मिनिटं बंद पडली. पुन्हा दुसऱ्या दिवशी. वाचनालयातल्या मशीनवर फेल-टू-बॅन, म्हणजे वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्या पत्त्याला काही वेळ अडवणारं साधन, बसवलेलं होतं. बोगद्यातून येणारी प्रत्येक भेट त्याला १०.८.०.१ वरूनच आल्यासारखी दिसायची. कुणीतरी कर्मचारी-लॉगिनवर पाच चुकीचे पासवर्ड टाकले की ते आपल्याच बोगद्याला दहा मिनिटं वाळीत टाकायचं. भेट देणाऱ्याचा मूळ पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या विनंतीबरोबरच्या नोंदीतून पाठवला, एनजिनएक्सला १०.८.०.१ वर विश्वास ठेवायला सांगितलं, आणि हे थांबलं. पण देवघेवीचं लॉगिन पान मुळात बाहेरून का दिसत होतं? त्यात सभासदांचे फोन नंबर होते.

आणि मग रात्रीचा प्रश्न. साइट रोज संध्याकाळी आठनंतर बंद. मुलाने बोगद्याचे लॉग तपासले, राउटर बदलायचा विचार केला, पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली. कारण दारापाशी उभं होतं. शिपाईकाका गेली कित्येक वर्षं वाचनालय बंद करताना मेन पाडतात. यूपीएसवर संगणक, ओएनटी आणि राउटर मिळून ५५ वॉटच्या आसपास भार. अर्धा तास निघायचा आणि मग सगळं गप्प.

‘काका, आता मेन पाडू नका, वर संगणक चालू असतो.’

‘वायरिंग माझ्या वयाचं आहे. रात्री काही झालं तर पहिला फोन मला येतो, तुला नाही.’

काकांचं म्हणणं बरोबर होतं आणि कार्यकारिणीने ते मान्य केलं. मे महिन्यात वायरमनकडून मेनच्या आधीपासून वेगळी लाइन ओढली, ६ अँपिअरच्या एमसीबीसह (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), खर्च ३,८०० रुपये.

तरीही वीज जाऊन आल्यावर मशीन सुरू होईना. बायोसमध्ये (मशीनची अगदी मुळातली मांडणी) ‘वीज परतल्यावर चालू हो’ असं ठेवलेलं होतं, पण ते टिकत नव्हतं. मुलगा पोटमाळ्यावर चढून तिसऱ्यांदा मॉनिटर जोडायला लागला, तेव्हा ग्रंथपालताई खालून म्हणाल्या, ‘अरे, त्याला एफ-वन दाबावं लागतं. आम्ही रोज दाबायचो.’

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटणबॅटरी मेलेली होती. भिंतीतला पुरवठा असेपर्यंत बायोसची आठवण त्या विजेवर टिकते. तो पूर्ण तुटला की बॅटरीवर. बॅटरी मेलेली, म्हणून मशीन सगळी मांडणी विसरायचं, ‘सीमॉस चेकसम’ची, म्हणजे साठवलेली मांडणी जुळत नसल्याची, चूक दाखवायचं आणि एफ-वनची वाट बघत काळ्या पडद्यावर उभं राहायचं. कीबोर्ड जोडलेला नसताना ही वाट अनंतकाळ चालते. बॅटरी तीस रुपयांची. ताईंना हे माहीत होतं, पण काउंटरवरच्या लोकांना मशीनबद्दल काही विचारायचं असतं हे कुणाला सुचलं नव्हतं.

निर्णय बदलला

जूनमध्ये मुलाची परीक्षा संपली आणि पुण्यातल्या नोकरीची तारीख आली. चिटणीसांनी त्याला सगळी व्यवस्था कागदावर काढायला लावली. बोगदा, बाहेरचा सर्व्हर, आतला सर्व्हर, फेल-टू-बॅन, यूपीएस, वेगळी लाइन. चित्र पाहून खजिनदारबाईंनी विचारलं, ‘रात्री अकरा वाजता पुस्तक शोधणाऱ्यासाठी एवढं सगळं जागं ठेवायचं?’

त्या प्रश्नाने मांडणी उलटी झाली. आतला सर्व्हर फक्त वाचनालयाच्या नेटवर्कपुरता राहिला. दुपारी एक आणि संध्याकाळी पावणेआठला तो यादीची प्रत तयार करून बाहेर साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटींनी वाटून घेतलेला भाड्याचा सर्व्हर) पाठवतो. वर्षाचा खर्च डोमेन धरून अडीच हजारांच्या आत. प्रतीत पुस्तकं आणि ‘आहे/बाहेर’ एवढंच, सभासदांचा तक्ता जातच नाही. बाहेरच्या साइटवर लॉगिनच नाही, म्हणून ओळखण्यासारखा पासवर्डही नाही. पानाच्या वर ठळक लिहिलं आहे: ‘ही यादी आज दुपारी १ ची’. अकराला गेलेलं पुस्तक एकपर्यंत ‘आहे’ दिसतं, त्याबद्दल आजवर दोनच तक्रारी आल्या.

प्रत पाठवण्यात एकदा घोळ झाला. चालू डेटाबेसची फाइल सरळ कॉपी केली गेली आणि बाहेर ‘डिस्क इमेज मालफॉर्म्ड’ असं आलं. लिहिणं चालू असताना एसक्यूलाइटची फाइल साध्या कॉपीने उचलायची नसते. त्याची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरावी.

निष्पत्ती

संध्याकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मशीन स्वतः बंद होतं, मग काका मेन पाडतात. तेव्हा आतलं मशीन पावणेआठची प्रत देऊन मोकळं झालेलं असतं. मोकळं बसलेलं मशीन ४० वॉट घेतं. चोवीस तास चालताना महिन्याला २८ ते २९ युनिट जायची, आता अकरा-बारा तासांत जेमतेम निम्मी. बोगदा आणि भाड्याचा सर्व्हर जुलैअखेर बंद केले. वेगळ्या लाइनवर आता दारावरचा कॅमेरा चालतो, म्हणजे ते ३,८०० रुपये अगदीच पाण्यात गेले नाहीत.

सुट्टे भाग, बॅटरी, लाइन आणि चार महिन्यांचं भाडं मिळून खर्च मंजूर रकमेच्या थोडा वर गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी वॅन पत्ता पाहायला हवा होता. सीजीनॅट आहे हे जानेवारीत कळलं असतं तर ‘बाहेरून आत’ हा हट्ट तिथेच सुटला असता आणि ‘आतून बाहेर प्रत पाठवणं’ आपोआप समोर आलं असतं. आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅट आडवं येत नाही.

बोगद्याचा निर्णय सरसकट चूक म्हणता येणार नाही. देवघेव घरून पाहण्याची गरज असती, किंवा दोन शाखा असत्या, तर तोच योग्य ठरला असता. इथे ती गरज नव्हती.

खाती कुणाच्या नावावर, हा प्रश्न मुलगा निघताना सुटला. सुरुवातीला सुटायला हवा होता. डोमेन त्याच्या ईमेलवरून वाचनालयाच्या ईमेलवर न्यायला नऊ दिवस लागले. आता पासवर्ड बंद पाकिटात कपाटात आहेत आणि मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: पत्ता, बंद करण्याची वेळ, बटणबॅटरी बदलल्याची तारीख, आणि खाली ताईंच्या अक्षरात ‘स्क्रीन काळी असल्यास कीबोर्ड लावून एफ-वन’.

बिघडलेल्या जोडाक्षरांच्या नोंदींपैकी सहाशेच्या वर अजून बाकी आहेत. दुपारी गर्दी नसते तेव्हा ताई पुस्तक कपाटातून काढून, मुखपृष्ठ पाहून, रोज दहा-बारा दुरुस्त करतात.